ऐकणाऱ्यांचं कोण ऐकणार? विद्यापीठातल्या माणसांचा बर्नआउट, सोप्या भाषेत

मे महिन्यातली दुपार. मूल्यमापन केंद्रात पंखे गरगरत होते आणि उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून प्रत्येकाने गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलं होतं, कुणी डबा, कुणी पाण्याची बाटली. माझ्या शेजारी आमच्या विभागातल्या एक मॅडम बसल्या होत्या. एकच पान त्यांनी तीन वेळा वाचलं, मग लाल पेनाला टोपण लावलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हिने काय लिहिलंय ते कळतंय मला. पण काही वाटतच नाहीये. पास झाली काय नि नापास झाली काय."

कोविडच्या वर्षात एका मुलाच्या मोबाईलचं रिचार्ज याच मॅडम स्वतःच्या पैशाने भरत होत्या, कारण तो गावाकडून ऑनलाइन तासाला बसत होता. म्हणून त्यांचं ते वाक्य ऐकून मला धस्स झालं. पुढे काही महिन्यांनी त्या समुपदेशकाकडे गेल्या, तेव्हा 'बर्नआउट' हा शब्द आमच्या बोलण्यात आला. मी त्यावर वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण पुण्यात प्रत्येक तिसऱ्या घरात कुणी ना कुणी शिकवणारं, शिकणारं नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात काम करणारं असतंच.

विषय निघायला आणखी एक निमित्त आहे. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि सगळ्या शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, असं त्यात आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. त्या निकालात विद्यार्थी केंद्रस्थानी आहेत आणि ते बरोबरच आहे. पण त्यात कर्मचारी येतो तो ऐकणारा, ओळखणारा, सावरणारा म्हणून. ज्याने सावरायचं त्याचंच अवसान गळालं असेल तर काय, हा प्रश्न मात्र आपला आपल्याला विचारावा लागतो.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द कामाच्या संदर्भात रुळला तो १९७४ पासून. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे झोकून देऊन काम करणारे स्वयंसेवक काही महिन्यांत आतून विझल्यासारखे होतात, हे त्यांनी टिपलं. स्वतःही ते त्यातून गेले होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचा नीट निचरा झाला नाही, तर होणारी अवस्था अशी त्याची नोंद आहे. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, शक्ती संपल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवटपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं आणि कामाचा दर्जा खरोखरच घसरणं.

दुसऱ्या खुणेसाठी आपल्याकडे एक तयार शब्दप्रयोग आहे: पाट्या टाकणं. आपण तो आळशी माणसाबद्दल वापरतो. पण आयुष्यभर पाट्या न टाकलेला माणूस एका वर्षी अचानक पाट्या टाकायला लागतो, तेव्हा आळस हे उत्तर पटत नाही. आळशी माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. मॅडमना त्या दुपारी स्वतःचीच भीती वाटली होती.

थकवा, बर्नआउट आणि नैराश्य यांत फरक कसा करायचा?

गावाकडची विहीर आठवा. दिवसभर उपसली तरी रात्रभर झरे वाहतात आणि सकाळी पाणी पुन्हा वर येतं. हा साधा थकवा. झोप झाली, दोन दिवस घरी राहिलं की माणूस ताजा होतो. उपसा झऱ्यापेक्षा वाढला आणि महिनोन् महिने तसाच राहिला, की पाणी वर येईनासं होतं आणि मोटार लावली तर गाळ येतो. हा बर्नआउट. सुट्टी म्हणजे टँकर. त्या दिवसापुरतं भागतं, झरे मोकळे होत नाहीत. म्हणून दिवाळीची सुट्टी संपून कामावर गेलं की दुसऱ्याच दिवशी लोक म्हणतात, "सुट्टी झाली असं वाटतच नाही."

नैराश्य मात्र वेगळं. ते आजार आहे, आणि ते कामाच्या फाटकापाशी थांबत नाही. बर्नआउट झालेल्या माणसाला वर्गात जाववत नसेल, पण भाचीच्या लग्नात तो रमतो. नैराश्यात त्या लग्नातही मन लागत नाही. आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, झोप-भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत राहतं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. दोन्ही एकत्रही असू शकतात आणि घरबसल्या निवाडा करता येत नाही.

आणखी एक, व्यवहारातलं. सततचा थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास दिसते. शरीराचं दुखणं मनावर ढकलायला नको आणि मनाचं शरीरावर.

काम सगळ्यांनाच असतं, मग काहीच जण का विझतात?

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. काम किती आहे यावर ताण जितका अवलंबून असतो, तितकाच त्या कामावर आपला ताबा किती आहे यावरही असतो. पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या ड्रायव्हरचं बघा. विद्यापीठ चौकातली कोंडी त्याच्या हातात नाही, थांबे त्याच्या हातात नाहीत, पण बस उशिरा पोचली की बोलणी त्यालाच. शेजारून जाणारा रिक्षावाला त्याच कोंडीत असतो, त्याचीही कमाई बुडते, पण निदान आतल्या गल्लीतून काढू का, हे भाडं घेऊ का, हे तो ठरवतो. मागणी मोठी आणि ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त झिजवते.

मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी पुढे अशा सहा जागा सांगितल्या, जिथे माणूस आणि काम यांचं बिनसतं: कामाचा भार, ताबा, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय आणि मूल्यं. विद्यापीठात मला ताबा आणि न्याय या दोन जागा सगळ्यात दुखऱ्या वाटतात.

ताब्याचं एक उदाहरण पुण्यातलंच आहे. बनावट संशोधनपत्रिकांना आळा बसावा म्हणून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 'केअर' नावाची मान्य पत्रिकांची यादी आणली, २०१९ मध्ये ती लागू झाली आणि तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. हेतू चांगला होता. लोकांनी त्या यादीकडे बघून लेख लिहिले, पाठवले, वर्ष वर्ष वाट पाहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी बंद झाल्याचं जाहीर झालं. यादी असावी की नसावी यावर वाद होऊ शकतो, मी त्यात पडत नाही. पण ज्याच्या बढतीचा हिशेब त्यावर बसला होता, त्याच्या पायाखालची सतरंजी कुणीतरी दुसऱ्यानेच ओढली, हे खरं. नव्या शैक्षणिक धोरणाने बदललेले अभ्यासक्रम आणि श्रेयांकांचे हिशेबही असेच वरून आले, आणि शिकवता शिकवता समजून घ्यावे लागले.

त्यात व्हॉट्सॲपचे गट. रात्री पावणेअकराला संदेश येतो: 'अत्यंत तातडीचे. सोबतच्या तक्त्यात माहिती भरून उद्या ११ पर्यंत पाठवावी.' तीच माहिती कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकला एका नमुन्यात, संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफला दुसऱ्या, उच्च शिक्षण सर्वेक्षणाला तिसऱ्या. मुलं तीच, शिक्षक तेच, रकाने फक्त वेगळे.

"एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या, आठवड्याला सोळा तास! कसला ताण?"

हा आक्षेप मी रिक्षातही ऐकला आहे आणि लग्नाच्या पंगतीतही. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाचा पगार चांगला आहे आणि मे महिन्यात त्याचं घर चालतं. पण सोळा तासांचा हिशेब अर्धवट आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. त्याच नियमांत एकूण कामाचा भार आठवड्याला किमान ४० तास धरला आहे. तयारी, पेपर काढणं, तपासणं, संशोधन, प्रवेश, समित्या, एनएसएस हे सगळं उरलेल्या तासांत, आणि ते तिथे मावत नाही.

शिवाय 'प्राध्यापक' म्हटलं की आपल्यासमोर कायम नोकरीतला माणूस येतो. पण पुण्यातल्या कॉलेजांतले कितीतरी तास तासिका तत्त्वावरची माणसं घेतात, ज्यांना आम्ही सीएचबी म्हणतो. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पुष्कळदा पीएचडी असलेली ही माणसं. तोच वर्ग, तोच फळा, तोच अभ्यासक्रम, पण मोबदला तासावर. तास झाला नाही तर पैसे नाहीत. सुट्टी लागली की त्यांच्या पोटात गोळा येतो. पुढच्या वर्षी 'ऑर्डर' मिळेल का, या एका प्रश्नावर चाळिशीला टेकलेल्या माणसाचं घरभाडं, लग्न, मुलाची फी सगळं लटकलेलं असतं. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मध्ये दुचाकीवर वडापाव. न्यायाची दुखरी जागा म्हणते ती ही. अशा माणसाला 'तणावाचं व्यवस्थापन' शिकवणं मला क्रूर वाटतं.

पीएचडी करणाऱ्यांचंही तसंच. त्यांना विद्यार्थी म्हणतात, पण ते प्रयोगशाळा चालवतात, प्रात्यक्षिकं घेतात. २०१८ मध्ये २६ देशांतल्या २,२७९ जणांचं, बहुतेक पीएचडी करणाऱ्यांचं, सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात ३९ टक्के जणांचे गुण मध्यम ते तीव्र नैराश्याच्या पट्ट्यात होते, तर सामान्य लोकांत हे प्रमाण ६ टक्के धरलं होतं. स्वतःहून प्रतिसाद देणाऱ्यांचं सर्वेक्षण होतं, म्हणून आकडा जरा जपून घ्यावा. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

खिडकीच्या आतला माणूस

शिक्षकांबद्दल निदान बोललं तरी जातं. परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाबद्दल कोण बोलतं? पुणे विद्यापीठाचा कारभार पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा जिल्ह्यांत पसरलेला आहे. एकदा गणेशखिंडला, विद्यापीठाच्या मुख्य आवारात, एका कामासाठी रांगेत उभी होते. पुढच्या मुलाने रात्रभर एसटीने प्रवास केला होता. गुणपत्रिकेत आईचं नाव चुकलं होतं आणि नोकरीची कागदपत्रं दोन दिवसांत द्यायची होती. तो आधी गयावया करत होता, मग आवाज चढला. आतल्या भाऊसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "सिस्टीम बंद आहे. नंतर या." मला आधी त्यांचा राग आला. मग काचेतून दिसलं, त्यांचा हात माऊसवर तसाच ठेवलेला होता आणि बोटं थरथरत होती. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मुलाचं नुकसान खरं होतं. भाऊसाहेबांच्या हातात ते दुरुस्त करणं नव्हतं, हेही खरं होतं. दिवसाला अशी शंभर माणसं समोर आली की मन स्वतःला वाचवण्यासाठी कवच घालतं. समोरचा माणूस मग माणूस उरत नाही, 'केस' होतो. बर्नआउटची दुसरी खूण ती हीच. वसतिगृहाच्या रेक्टर, ग्रंथालयातले मामा, कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या मावशी, या सगळ्यांना समुपदेशन कक्षाचं दार आपल्यासाठीही उघडं आहे असं वाटतं का, हे प्रत्येक संस्थेने एकदा त्यांनाच विचारावं.

योगशिबिर घेतलं की झालं?

दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. सभागृहात व्याख्यान होतं, प्राणायाम होतो, फोटो निघतो, अहवालात नोंद होते. योगाला माझा विरोध नाही, मी रोज करते. श्वासाने झोप सुधारते, झोपेने माणूस सावरतो. पण विहिरीचा उपसा तोच ठेवून नुसता दोर नवा दिला तर पाणी वाढत नाही. बर्नआउटवरच्या उपायांच्या २५ अभ्यासांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की केवळ व्यक्तीला शिकवलेल्या उपायांचा गुण साधारण सहा महिने टिकतो, आणि त्याला कामाच्या रचनेतल्या बदलाची जोड दिली तर वर्षभर किंवा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही कामाच्या पद्धतीत बदल आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण हे आहेच.

पैसे न लागणारे बदलही आहेत. माहिती एकदाच भरून घ्यायची आणि तीच सगळीकडे वापरायची. 'तातडीचे' हा शब्द कोण आणि कधी वापरू शकतो, हे ठरवायचं. समित्या वाटताना मागच्या वर्षीची यादी समोर ठेवायची, म्हणजे 'नाही' म्हणता न येणाऱ्या त्याच चार माणसांवर सगळं पडत नाही. खिडकीवरच्या माणसाला दर दोन तासांनी आत फायलींचं काम आणि आतल्याला खिडकी, अशी अदलाबदल. आणि नवा नियम लागू करण्याआधी जो तो राबवणार आहे त्याला विचारणं.

मदत हवी असेल तर कोणाकडे जायचं?

इथे लोकांचा गोंधळ होतो, म्हणून सरळ सांगते. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो, निदान करतो आणि औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून, विचार-वर्तनावर काम करून उपचार करतो, औषध देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. समुपदेशक अडचणीतून वाट काढायला सोबत करतो आणि गरज वाटली तर पुढे पाठवतो.

खर्च परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव आपण चेष्टेत इतकं वापरलंय की तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि माणसं सकाळी दाखवून दुपारी घरी जातात, हे विसरतो. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, मोफत, चोवीस तास, मराठीतही. जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका, याच क्षणी हा नंबर लावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बोलवा.

"कॉलेजात कळलं तर?"

ही भीती खोटी नाही. स्टाफरूममध्ये चहाबरोबर बातम्याही फिरतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्याला डॉक्टरांची टंचाई कारण आहे आणि 'लोक काय म्हणतील' हेही.

कायदा इथे तुमच्या बाजूला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असं त्याच कायद्यात आहे. अर्थात, कॉलेजातला समुपदेशक प्राचार्यांच्याच केबिनशेजारी बसत असेल तर कायदा असून कुणी तिथे जाणार नाही. कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक बाहेरचा असावा, भेट कॅम्पसबाहेर किंवा फोनवर व्हावी, आणि संस्थेकडे फक्त किती भेटी झाल्या हा आकडा जावा, कुणाच्या झाल्या ते नाही. एवढं केलं तरी खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

आमच्या विभागात काय झालं

मॅडम दर शनिवारी कर्वे रोडला मानसशास्त्रज्ञांकडे जातात. चार महिने झाले. बी-१२ ची इंजेक्शनंही झाली. विभागप्रमुख सरांना त्यांनी स्वतःच सांगितलं. सर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, मला आधी कळायला हवं होतं." आता रात्री आठनंतर विभागाच्या गटावर कुणी काही टाकत नाही. दोनदा हा नियम मोडला, एकदा सरांकडूनच, आणि सकाळी त्यांनी गटावर माफी मागितली. मॅडमकडच्या चार समित्यांपैकी दोन काढल्या. एक माझ्याकडे आली. दुसरी कुणाला द्यायची, हा प्रश्न आहे, कारण विभागातल्या दोन जागा निवृत्तीनंतर भरल्याच गेलेल्या नाहीत. त्या समितीची फाईल सरांच्या टेबलावर आहे.